गिअर कुणी टाकायचा?

मंडळी, मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. मागे चार-पाच टनांचा ट्रेलर जोडून घाट चढायचा असेल तर गाडी ऑटोमॅटिकच हवी. आमच्या मराठी कंपूत हे म्हणणं म्हणजे पुरणपोळी पिझ्झा सॉसबरोबर खातो म्हणण्यासारखं आहे, याची कल्पना आहे. :) आपण सगळे गिअरच्या गाडीवर शिकलो. कात्रजच्या चढावर हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून दाखवली की झाला पोरगा ड्रायव्हर! त्यामुळे इथे कोलोरॅडोत कुणी कॅम्पर ओढायला पिकअप घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅन्युअल मिळेल का रे?"

नवीन तरी मिळत नाही. फोर्डच्या सुपर ड्युटीत २०१० च्या मॉडेलनंतर मॅन्युअल गेला. रॅमने २०१८ पर्यंत तग धरला, मग त्यांनीही सोडला. यावर नेहमीची प्रतिक्रिया अशी, की लोक आळशी झाले म्हणून कंपन्यांनी बंद केलं. ते थोडं खरं आहेच. पण २०१८ च्या रॅम ३५०० चे आकडे बघा. तेच ६.७ लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन. मॅन्युअलबरोबर घेतलं तर टॉर्क ६६० पाउंड-फूट, आयसिनच्या ऑटोमॅटिकबरोबर घेतलं तर ९३०. म्हणजे मॅन्युअल जोडला की कंपनी स्वतःच इंजिनाचा गळा आवळत होती. एवढा टॉर्क त्या क्लचला आणि गिअरबॉक्सला झेपला नसता, दुसरं काय!

खरी मारामारी असते ती चढावर गाडी हलवताना. क्लच म्हणजे शेवटी एकमेकींवर घासणाऱ्या प्लेटी. मागे ट्रेलर आणि समोर चढ असताना गाडी हलायला लागेपर्यंत त्या घासतात, आणि सगळी उष्णता त्या एवढ्याशा जागेत साठते. तो करपट वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलातून ताकद पुढे जाते आणि सुरुवातीला, चाकं जवळजवळ थांबलेली असताना, टॉर्क वाढून मिळतो, साधारण दुपटीच्या आसपास. उष्णता इथेही होते, भरपूर होते, पण ती तेलात जाते आणि तेल कूलरमधून फिरवून थंड करता येतं. क्लचप्लेट थंड व्हायला तुम्ही फक्त रस्त्याच्या कडेला उभं राहू शकता.

ट्रेलर रिव्हर्समध्ये चढावर ढकलायचा असला तर विचारूच नका. इंच इंच सरकायचं, सगळं हाफ क्लचवर.

गाडी किती वजन ओढू शकते हे ठरवायची एसएई जे२८०७ नावाची एक पद्धत आहे. त्यात बारा टक्के चढावर, पूर्ण भारासकट, पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघावं लागतं. शिवाय ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ आहे, साधारण १८ किलोमीटर. तो भर उन्हाळ्यात, एसी फुल ठेवून, ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढायचा (मागे चार चाकं असली तर ३५). ही परीक्षा क्लचवर देऊन बघा एकदा.

आता दुसरी बाजू. जुने जाणते लोक म्हणायचे, ओझं ओढायचं तर गिअरचीच गाडी, आणि त्यांच्या काळात ते बरोबर होतं. तेव्हाचे चार गिअरचे ऑटोमॅटिक चढावर टॉप गिअर आणि खालचा गिअर यांच्यात सारखे गोंधळायचे, तेल उकळायचं, आणि उतारावर कन्व्हर्टर मोकळा सुटला की इंजिन ब्रेकिंग नावालाच. 'ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर' हा नियम तिथे पाळायचा कसा? २००१ मध्ये जीएमच्या हेवी ड्युटी ट्रकमध्ये ॲलिसनचा गिअरबॉक्स आला, त्यात टो/हॉल बटण होतं. उतारावर ब्रेकला पाय लागला की तो स्वतःच खालचा गिअर टाकतो आणि धरून ठेवतो. म्हणजे तोच घाटातला नियम, फक्त आता तो सॉफ्टवेअर पाळतं. (माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला याचा आनंद व्हावा की भीती वाटावी, ठरलेलं नाही.)

आणि माणूस तो नियम पाळतोच असं नाही. पुण्यात २० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलाजवळ एका ट्रकमुळे ४८ गाड्यांचं नुकसान झालं. चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं असं प्राथमिक तपासात पुढे आलं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला किंवा इंजिन बंद करून सोडायची, ही जुनी सवय. इंजिन बंद म्हणजे इंजिन ब्रेकिंग गेलंच, शिवाय हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, तोही बंद. राहिले फक्त तापलेले लायनर आणि टाकीत उरलेली हवा. वर गंमत अशी, की आजचं इंजिन गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर इंधन जवळपास तोडूनच टाकतं. वाचत काहीच नाही! ऑटोमॅटिकलाही न्यूट्रल असतो, मान्य. पण तो अट्टहासाने टाकावा लागतो.

मोठे ट्रेलरवाले तर यातून कधीच पुढे गेले. अठरा गिअरच्या ईटन फुलरवर दोनदा क्लच मारत आयुष्य काढलेली मंडळी अजून आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण व्होल्व्होच्या आय-शिफ्टसारख्या प्रकारात गिअर तेच, क्लच तोच, फक्त तो दाबणारा पाय संगणकाचा. इथे जड वाहनाची परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्सवर तसा शिक्का बसतो आणि गिअरचा ट्रक चालवता येत नाही. तरीही नवीन पोरं तीच निवडतात.

मॅन्युअलच्या बाजूने एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, तो म्हणजे खर्च. ऑटोमॅटिक बसला की दुरुस्तीचं बिल हजारो डॉलरमध्ये, आणि तो खोलणारा माणूस दोन गावं सोडून. क्लच गावातल्या गॅरेजमध्ये बदलून होतो. शेतावर वर्षातून आठ दिवस गवताचे भारे ओढणाऱ्याने वीस वर्षं जुनी गिअरची गाडी मोडीत काढू नये, खुशाल चालवावी.

पण आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे ११ हजार फुटांवर, कॅम्पर आणि मागच्या सीटवर पोरं घेऊन जाणार असाल तर सेकंडहँड मॅन्युअल शोधत बसू नका. ऑटोमॅटिक घ्या, त्याला गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर आणि तापमानाचा काटा आहे ना बघा, ट्रेलरचे ब्रेक निघण्याआधी तपासा, आणि बोगदा ओलांडून सिल्व्हरथॉर्नचा सात टक्क्यांचा उतार लागायच्या आधी ते टो/हॉल बटण दाबा.