स्वामीजींना आजच्या पक्षात जागा मिळाली असती?

हैदराबाद मुक्तिलढ्याच्या सेनानीचा गौरव सर्वच पक्ष करतात. मात्र ज्या अध्यक्षपदावरून त्यांनी तो लढा चालविला, ते पद आजच्या पक्षव्यवस्थेत उरलेले नाही.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरला, हिंगोलीतही ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना अभिवादन केले जाते आणि सर्वपक्षीय नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आदराने घेतात. जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यालाही स्वामीजींचेच नाव आहे. वसमतचे महाविद्यालय हुतात्मा बहिर्जी शिंदे यांची स्मृती जपते. एवढा गौरव होत असताना एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून स्वामीजींनी जे राजकारण केले, त्याला आजच्या पक्षांत कितपत वाव आहे?

या प्रश्नाचे ठरलेले उत्तर असे, की निरिच्छ संन्याशाचा आजच्या पैशाच्या राजकारणात निभाव लागला नसता. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चाची कायदेशीर मर्यादाच ९५ लाख रुपये होती, हे पाहता त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि हे उत्तर अपुरे आहे. १९३२ मध्ये संन्यास घेतलेले स्वामीजी राजकारणात भाबडे नव्हते. कामगार नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली होती. संघटना बांधणे, वाटाघाटी करणे आणि प्रसंगी स्वपक्षीयांशी दोन हात करणे त्यांना चांगले अवगत होते.

नाव नसलेला पक्ष

निजाम सरकारने १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती धड उभी राहण्यापूर्वीच बंदी घातली. ‘काँग्रेस’ हे नावच सरकारला खुपत होते. सत्याग्रह झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचाही सत्याग्रह सुरू होता. दोहोंची सरमिसळ होऊ नये म्हणून गांधीजींच्या सल्ल्यावरून स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. भगवी वस्त्रे अंगावर असतानाही स्वामीजींनी हा लढा धर्माचा नव्हे, जबाबदार राज्यपद्धतीचा आहे, ही भूमिका सोडली नाही.

जुलै १९४६ मध्ये बंदी उठली आणि अध्यक्षपदाची चुरशीची निवडणूक झाली. मवाळ गटाचे बुर्गुला रामकृष्ण राव यांच्यावर स्वामीजींनी अगदी थोड्या मतांनी विजय मिळविला. पुढच्याच वर्षी पक्षाने भारतात विलीन होण्याची मागणी केली आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामीजींना अटक झाली. म्हणजे पक्षाचे बळ कोणत्याही विधिमंडळातील संख्येत नव्हते. ते गावोगावच्या कार्यकर्त्यांत आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाडच्या हद्दीत उभारलेल्या छावण्यांत होते. अध्यक्षाचा अधिकारही तिथूनच येत असे.

संख्याबळाचा पक्ष

आज नेमके उलटे घडते. शिवसेनेतील फुटीनंतर निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. हा निर्णय मुख्यतः विधिमंडळ व संसदेतील संख्याबळावर झाला. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार शिंदे यांच्या बाजूने होते. संघटनेतील बहुमताची कसोटी आयोगाने बाजूला ठेवली, कारण पक्षाची घटना आणि नेमणुका पुरेशा लोकशाही पद्धतीच्या नव्हत्या, असे आयोगाचे मत पडले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळ पक्ष आणि राजकीय पक्ष हे भिन्न असून प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, असे स्पष्ट केले. तत्त्व मान्य झाले. पण संघटनेची सत्ता निवडणुकीने ठरतच नसेल, तर ते तत्त्व उभे कशावर राहणार?

हिंगोलीने या स्थितीचा पुरेपूर अनुभव घेतला आहे. कळमनुरीचे आमदार संतोष बांगर ३ जुलै २०२२ रोजी विधानसभा अध्यक्षांच्या निवडणुकीत उद्धव ठाकरे यांच्यासोबत होते. दुसऱ्याच दिवशी विश्वासदर्शक ठरावावर त्यांनी शिंदे यांच्या बाजूने मत दिले. सूर्यकांता पाटील १९९८ मध्ये काँग्रेसकडून, तर २००४ मध्ये राष्ट्रवादीकडून हिंगोलीच्या खासदार झाल्या. २०१४ मध्ये त्या भाजपमध्ये गेल्या. २००९ मध्ये शिवसेनेचे खासदार झालेले सुभाष वानखेडे २०१९ मध्ये काँग्रेसचे उमेदवार होते. २०२४ मध्ये विद्यमान खासदार हेमंत पाटील यांची जाहीर झालेली उमेदवारी मित्रपक्षाच्या स्थानिक विरोधानंतर बदलण्यात आली. लढत झाली ती दोन शिवसेनांत आणि नागेश पाटील आष्टीकर मशालीवर निवडून आले. या घडामोडींत कोणाही एका व्यक्तीला दोष देणे सोपे आहे. पण उमेदवारी वरून मिळत असेल आणि वरूनच जात असेल, तर निष्ठाही खालच्या संघटनेशी जडत नाही.

जुना काळ आदर्श नव्हता

अर्थात, जुन्या काँग्रेसचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. गटबाजी तेव्हाही होती. पोलीस कारवाईनंतर ती विकोपाला गेली, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे डावे सहकारी पक्षाबाहेर पडले आणि दिल्लीचा शब्द वजनदार ठरू लागला. १९५२ च्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्रिपद आले ते १९४६ मध्ये पराभूत झालेल्या रामकृष्ण राव यांच्याकडे. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेत गेले, १९५७ मध्ये औरंगाबादेतून पुन्हा निवडून आले आणि पुढे सत्तेच्या राजकारणापासून दूर झाले. लढ्याच्या अध्यक्षाला सत्तेच्या पक्षात जागा अपुरी पडण्याची सुरुवात त्यांच्या हयातीतच झाली होती.

तरीही एक फरक उरतोच. हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन पंडित नेहरूंना रुचत नव्हते. स्वामीजींनी त्याचा जाहीर पुरस्कार केला आणि तरीही ते पक्षातच राहिले. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध सभागृहात मत देणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. घाऊक पक्षांतराला विलीनीकरणाची वाट मोकळी आहे. एकट्याच्या मतभेदाला ती नाही.

अपवाद घडू शकतो, हे २०२२ मध्ये दिसले. काँग्रेस अध्यक्षपदासाठी दोन दशकांनंतर मतदान झाले आणि मल्लिकार्जुन खर्गे यांनी शशी थरूर यांचा ७,८९७ विरुद्ध १,०७२ मतांनी पराभव केला. खर्गे हे गुलबर्ग्याचेच माजी खासदार, हा योगायोग सूचक आहे. पण शिखरावरची एक निवडणूक म्हणजे पक्षांतर्गत लोकशाही नव्हे. तिची खरी परीक्षा जिल्ह्यात आणि तालुक्यात होते.

स्वामीजींना आज उमेदवारी मिळाली असती की नाही, यापेक्षा त्यांना अध्यक्ष म्हणून निवडणारे मतदार कोणत्या पक्षात शिल्लक आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. येत्या १७ सप्टेंबरला त्यांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या प्रत्येक पक्षाने आपल्या हिंगोली जिल्हाध्यक्षाची निवड कोणाविरुद्ध आणि किती मतांनी झाली, एवढे सांगितले तरी पुरे.