तिसऱ्या दिवसाची सोबत

व्यसन सोडण्याचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच निर्धाराची भाषा सुरू होते. ‘मनात आणले तर काय अशक्य आहे?’ हे वाक्य आपण अगदी सहज उच्चारतो. व्यसनमुक्तीच्या शिबिरांतही तेच घडते. व्याख्यान होते, उजवा हात पुढे करून शपथ घेतली जाते, छायाचित्र निघते आणि मंडळी समाधानाने घरी परततात. बिडी-सिगारेट सोडणाऱ्या माणसाची परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि नेमकी त्या वेळी त्याच्या शेजारी कोणी नसते.

रायगडच्या किनारपट्टीला व्यसनमुक्तीचा संस्कार नवा नाही. रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ पासून श्रीसमर्थ बैठकीच्या माध्यमातून दासबोधाचे निरूपण घरोघरी पोहोचवले आणि त्यातून या भागातील अनेक कुटुंबांतून व्यसने हद्दपार झाली. २००८ साली त्यांना मरणोत्तर ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार देण्यात आला, तो या कार्याचाच गौरव होता. तरीही करंजापासून श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत कोणत्याही धक्क्यावर पहाटे उभे राहावे. बर्फाच्या पेट्या चढवणाऱ्या खलाशांच्या बोटांत बिडी दिसते. त्यांतील कितीतरी जणांनी ती एकदा नव्हे, चार-चार वेळा सोडलेली असते. हे लोक निर्धाराला कमी पडले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. भर वादळात बोट बंदराला आणणाऱ्या माणसाला निर्धार शिकवायला आपण कोण?

गफलत आपल्या समजुतीत आहे. तंबाखू सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस हा चारित्र्याचा प्रश्न नसून शरीराचा आहे, आणि शरीराचे त्याबाबतचे वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेले आहे. धुरातील निकोटीन अवघ्या दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि सुमारे दोन तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे होते. म्हणून तर रात्रभराच्या झोपेनंतर सकाळची पहिली बिडी सर्वांत प्यारी वाटते. सोडल्यावर चार तासांपासून चोवीस तासांपर्यंत केव्हाही अस्वस्थता सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळसाला पोहोचते, आणि पुढे दोन ते चार आठवड्यांत ओसरते. चिडचिड, लक्ष न लागणे, उदासी, झोपमोड, वाढलेली भूक, बद्धकोष्ठ, काहींना खोकला, ही सारी लक्षणे याच काळातली. कोणाच्याही मदतीविना सोडू पाहणाऱ्या शंभर जणांपैकी तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभर टिकतात, आणि बहुतेकांचा प्रयत्न पहिल्या आठवड्यातच कोलमडतो, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. ताप आलेल्या माणसाला आपण ‘निर्धार कर’ असे सांगत नाही. त्याच्या कपाळावर पट्टी ठेवतो, पेज करून देतो, आणि ताप उतरेपर्यंत त्याचे बोलणे मनावर घेत नाही.

घरात मात्र काय चित्र दिसते? पहिल्या दिवशी कौतुक होते. दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी पडल्यावरून ताट सरकवले जाते, मुलांवर ओरडले जाते. तिसऱ्या दिवशी गृहिणी कंटाळून म्हणते, ‘अहो, त्यापेक्षा ओढा एकदाची, पण घर डोक्यावर घेऊ नका.’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले नाही, असे घर क्वचितच सापडेल. त्या माउलीला दोष देण्याचे कारण नाही. तिला कोणी सांगितलेलेच नसते की हा तिसरा दिवस आहे आणि चौथा याहून सौम्य असतो. हे आधी ठाऊक असते, तर तिने ते वाक्य गिळले असते आणि मुलांना घेऊन ती जरा बाहेर पडली असती.

तलफ येते तेव्हा ती अनंतकाळ टिकेल असे वाटते. प्रत्यक्षात तिची एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटांची असते. समुद्राशी ज्यांचे आयुष्य बांधलेले आहे, त्यांना लाटेची उपमा समजावून सांगावी लागत नाही. ती पाच मिनिटे काढायची: घोट घोट पाणी पीत, दीर्घ श्वसन करत, किंवा सरळ चपला घालून बाहेर पडत. दहा-पंधरा मिनिटांच्या भरभर चालण्याने तलफ कमी होते, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. अलिबाग, नागाव, काशीद येथील पुळणी पर्यटकांना जेवढ्या माहीत आहेत, तेवढ्याच त्या स्थानिकांनी या कामी वापराव्यात, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

चहाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण याची जाणीव फारशी कोणाला नसते. तंबाखूच्या धुरातील घटकांमुळे यकृत चहा-कॉफीतील कॅफिनचा निचरा वेगाने करते. धूम्रपान थांबले की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहातले कॅफिन रक्तात अधिक प्रमाणात व अधिक वेळ राहते. छातीत धडधड, हातांना कंप, रात्री टक्क उघडे डोळे. माणूस समजतो की बिडीवाचून आपण वेडे होणार, आणि प्रत्यक्षात त्यातला काही वाटा चहाचा असतो. शिवाय चहा आणि बिडी यांची जोडी जुनी. तेव्हा पहिले दोन आठवडे चहा निम्मा करावा, आणि टपरीवरचा तर पूर्ण टाळावा. ताडी आणि दारू या काळात वर्ज्यच. पेल्याबरोबर संयम कसा सुटतो हे निराळे सांगायला नको.

तोंडात काहीतरी हवे म्हणून आपल्याकडे लगेच सुपारीचे खांड पुढे केले जाते. श्रीवर्धनचा रोठा हा या किनाऱ्याचा अभिमान आहे आणि वाडीवाल्यांच्या कष्टांविषयी आम्हाला आदर आहे. पण सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये स्पष्ट केले. एक दार लावून दुसरे उघडण्यात काय अर्थ? बडीशेप, लवंग, वेलची, आवळकाठी किंवा खोबऱ्याचा तुकडा पुरेसा आहे. ‘बिडी आपली देशी, पानात वळलेली, सिगारेटपेक्षा बरी’ हीदेखील अशीच एक समजूत. बिडीतून निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाही, उलट बहुधा अधिकच जाते. आणि देशीपणाचेच म्हणाल, तर तंबाखू मूळची अमेरिकेतली. ज्या पोर्तुगीजांनी चौल-रेवदंड्याला ठाणे मांडले, त्यांनीच ती हिंदुस्थानात आणली. जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली होती, तीही कोणी जुमानली नाही.

ज्याला सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बिडी लागते, त्याचे अवलंबित्व तीव्र समजावे. अशाने औषधाची मदत घेण्यात कसलाही कमीपणा मानू नये. दोन मिलिग्रॅमची निकोटीनची गोळी, म्हणजे च्युइंगम, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. चार मिलिग्रॅमची आणि इतर औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे. ही गोळी पानासारखी चघळत राहायची नसते. जिभेला चुरचुर लागेपर्यंत हळू चावायची, मग गालाच्या कडेला धरून ठेवायची. त्याआधी पंधरा मिनिटे चहा, कोकम सरबत, सोलकढी घेऊ नये, कारण आंबटपणामुळे निकोटीन तोंडात नीट शोषले जात नाही. १८००११२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर समुपदेशनही मिळते.

येथे आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. स्त्रियांत हे प्रमाण १६.६ टक्के होते. म्हणजे ज्या घरात मुलाने बिडी सोडावी म्हणून आई देव पाण्यात ठेवते, त्याच घरात चुलीपाशी तिची मशेरी भाजली जात असते. तो वास मुलाच्या तिसऱ्या दिवशी काय करत असेल? आणि तिने मशेरी सोडली तर तिलाही हाच तिसरा दिवस भोगावा लागतो. फक्त तिची चिडचिड ‘वयाची’ म्हणून सोडून दिली जाते. शक्य असेल तेथे दोघांनी एकाच दिवशी सोडावे.

दिवस निवडताना व्यवसायाचा विचार करावा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात खलाशी किनाऱ्यावर असतो. जाळी दुरुस्त करताना हात गुंतलेले असतात, पण गप्पांबरोबर बिड्याही फिरतात, म्हणून काही दिवस घरच्या पडवीत बसून जाळे विणलेले बरे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सोडले, तर दर्या उघडेपर्यंत शरीराची तक्रार संपलेली असते. बोटीवर चढून, आठ ओढणाऱ्यांच्या मध्ये पहिला दिवस काढण्याचे धाडस कोणी करू नये.

आणि चुकून एक ओढली गेली तर? व्रताच्या भाषेचा तोटा येथे दिसतो. व्रत मोडले म्हणजे सारेच मोडले, असे समजून माणूस संध्याकाळपर्यंत पूर्ण बंडल संपवतो. एक बिडी ही एकच बिडी असते. उरलेले बंडल चुलीत टाकावे आणि त्याच तासापासून पुढे चालावे.

बैठक आठवड्यातून एकदा भरते, शिबिर वर्षातून एकदा. मधले सहा दिवस त्या माणसाच्या दाराशी कोणी जात नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी शपथ घेणाऱ्यांच्या संख्येचा हिशेब ठेवण्याऐवजी प्रत्येक शपथेमागे एक माणूस नेमावा. त्याने रोज संध्याकाळी, टपरीवर जाण्याच्या वेळेला, त्या घरी जावे. तंबाखूचा विषय काढू नये, उपदेश तर मुळीच करू नये. मासळीचा भाव, मुलांची शाळा, पावसाचे लक्षण, काय वाटेल ते बोलावे, आणि त्याला बरोबर घेऊन बंदरापर्यंत चालून यावे. एखादा दिवस चुकला तरी चालेल. तिसरा चुकवू नये.