व्हिसाच्या दारात सातबारा चालत नाही



मुंबईत एक गोरेगाव आहे आणि हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आमचे एक गोरेगाव आहे. नाव एकच, नशीब मात्र वेगवेगळे. मुंबईच्या गोरेगावातल्या मुलाला अमेरिकेत शिकायला जायचे असेल तर तो लोकलने वांद्र्याला उतरतो, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत देतो आणि दुपारच्या जेवणाला घरी परततो. आमच्या गोरेगावच्या मुलाला त्याच मुलाखतीसाठी रात्रभर प्रवास, मुंबईत कुणाच्या तरी ओळखीने मुक्काम आणि सकाळी रांग. आत गेल्यावर चार-दोन मिनिटांत प्रश्न संपतात. होकार मिळो की नकार, परतीचा रात्रभराचा प्रवास चुकत नाही.

शेतकऱ्यांच्या पत्रकात हा व्हिसाचा विषय कशाला, असे कुणी विचारेल. ज्या गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी कर्जापायी नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतःचे अवयव विक्रीला काढले आणि तसे सरकारला कळवले, त्या गावात परदेशी शिक्षणाची भाषा कुठून आली? आमचे म्हणणे उलट आहे. जिथे शेती इतकी तोट्यात गेली, तिथेच घरातले एक तरी पोर शिकून बाहेर पडावे ही धडपड जास्त असते. आमच्या भागातली मुले इंजिनिअर होतात, कृषी पदवीधर होतात, नर्स होतात. त्यातल्या कुणाला बाहेरच्या विद्यापीठाचे प्रवेशाचे पत्र येते. घरात पेढे वाटले जातात. आणि मग सुरू होते वाट पाहणे.

वाट पाहणे आपल्याला नवे नाही. पावसाची वाट पाहतो, खरेदी केंद्राच्या काट्याची पाहतो, विम्याच्या पैशांची पाहतो. २०२५ च्या उन्हाळ्यात तर दोन्ही वाटा एकत्र आल्या. मे महिन्यात मॉन्सून लवकर दाखल झाला आणि महिनाअखेरीला अडकून बसला. जून निम्मा सरेपर्यंत तो हलला नाही. त्याच काळात, २७ मे २०२५ ला अमेरिकेने जगभरच्या आपल्या वकिलातींना विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे थांबवायला सांगितले. १८ जूनला ते पुन्हा सुरू झाले, पण नवी अट घेऊन. विद्यार्थ्याने समाजमाध्यमांवरची आपली खाती सर्वांना पाहता येतील अशी उघडी ठेवायची. बाप बियाण्याची पिशवी घेऊन आभाळाकडे पाहतोय आणि पोर मोबाईल घेऊन तारखेकडे, असे तीन आठवडे गेले. फरक एवढाच की पावसाला कारण विचारता येत नाही. सरकारला विचारता येते, आणि विचारले पाहिजे.

वाट पाहायला पैसे पडतात. त्याचा हिशेब आपल्याच मापाने करू. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जाला १८५ डॉलर, त्याआधी विद्यार्थी नोंदणीचे ३५० डॉलर. एकूण ५३५ डॉलर, म्हणजे ४५ हजार रुपयांच्या वर. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. म्हणजे सहा क्विंटल कापूस. कोरडवाहूत एका एकराला चार-पाच क्विंटल आला तर आपण देवाचे आभार मानतो. संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये, त्या हिशेबाने बारा-तेरा क्विंटल ज्वारी. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाची फी १ जुलै २०२४ ला ७१० वरून १,६०० डॉलर केली आणि १ जुलै २०२५ ला २,००० डॉलर. आपल्या रुपयात लाखाच्या वर. नकार आला तर त्यातला पैसाही परत येत नाही.

आणि नकार काही क्वचित येत नाही. अमेरिकेने ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या वर्षात जगभरातून आलेल्या विद्यार्थी व्हिसाच्या शंभरातले सुमारे ४१ अर्ज नाकारले. कॅनडाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांचे शंभरातले ३२ अर्ज नाकारले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये तो आकडा ७४ वर गेला. चारातली तीन मुले माघारी.

तरी फी ही लहान गोष्ट. खरी अडचण पुढे आहे. प्रत्येक देश म्हणतो, आधी पैसा दाखवा. जर्मनी म्हणते, वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात भरा. दर महिन्याला त्यातून ठरलेली रक्कमच मिळेल. हे झाले बारा लाखांच्या आसपास. कॅनडाने १ सप्टेंबर २०२५ पासून फी आणि प्रवास सोडून २२,८९५ डॉलर दाखवायला सांगितले. जानेवारी २०२४ च्या आधी हीच रक्कम १०,००० डॉलर होती. इंग्लंडचा नियम असा की लागणारी रक्कम विद्यार्थ्याच्या किंवा आईबापाच्या खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे. एक दिवस जरी कमी पडली तरी अर्ज नापास.

आता सांगा, आपल्या खात्यात मोठी रक्कम सलग २८ दिवस कधी टिकली? कापसाची पट्टी हातात पडते त्या दिवशी कृषी सेवा केंद्राची उधारी उभी असते, सोसायटीचे पीककर्ज असते, वेचणीची मजुरी असते. पैसा येतो आणि संध्याकाळपर्यंत वाटून जातो. पगारदाराचा पैसा महिन्याला येतो आणि खात्यात साठतो. आपला वर्षातून एकदा येतो आणि पाहुण्यासारखा जातो. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पगारदार होता, कापूसवाला नव्हता.

मग शेतकरी म्हणतो, पैसा नाही पण जमीन आहे. सात एकर आहे, सातबारा कोरा आहे. तो सातबारा घेऊन बँकेत जातो. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची पतहमी योजना आहे, तेवढे तारणाशिवाय मिळू शकते. परदेशातल्या शिक्षणाला तेवढ्यात काय होणार? त्यावर गेले की बँक साधारणपणे तारण मागते. आणि तारण म्हणून घर चालते, फ्लॅट चालतो, बिगरशेती प्लॉट चालतो, मुदत ठेव चालते. शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. कारण थकलेल्या कर्जाचे तारण कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा जो २००२ चा सरफेसी कायदा आहे, त्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. कायदा शेतकऱ्याची जमीन वाचवण्यासाठी म्हणून तसा केला, हे खरे. पण परिणाम काय झाला? शहरातल्या दोन खोल्यांना जी पत आहे, ती आमच्या सात एकरांना नाही. आणि तीच जमीन पीककर्जाला मात्र बोजा चढवायला चालते.

दुसरी खोच उत्पन्नाची. बँक तीन वर्षांचे आयकर विवरण मागते, वकिलातही विचारू शकते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, तेव्हा बहुतेकांनी विवरण कधी भरलेलेच नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पुढे केला तर त्यावरचा आकडा पाहून साहेब विचारतो, एवढ्यात पोराला शिकवणार कसे? खासगी वित्त कंपन्या तारणाशिवाय कर्ज देतात, पण पगारदार सहकर्जदार मागतात आणि व्याजही चढे लावतात. आपल्या घरात पगारदार असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आता गंमत पाहा. अमेरिकेचा कायदा प्रत्येक अर्जदाराला कायमचा राहायला येणारा असे धरून चालतो. मी परत जाणार आहे हे पोराने सिद्ध करायचे. तिथे जमीन कामाला येते. गावी शेती आहे, मायबाप आहेत, मी परत येईन, असे सांगता येते. म्हणजे पोराला मागे ओढणारा दोर म्हणून सातबारा चालतो, पुढे नेणारी शिदोरी म्हणून चालत नाही.

त्याच २०२५ साली आणखी एक गोष्ट घडली. १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. ऐन वेचणीच्या हंगामात परदेशी गाठींना दार मोकळे झाले. आमचा खुल्या बाजाराला विरोध नाही. पण ज्या वर्षी परदेशी कापसाची गाठ शुल्काशिवाय बंदरात उतरली, त्या वर्षी कापूस पिकवणाऱ्याचे पोर एका तारखेसाठी अडून राहिले. माल यावा आणि माणसाने जाऊ नये, याला खुला बाजार म्हणत नाहीत.

काही शहाणे म्हणतील, शेतकऱ्याच्या पोरांनी परदेशाचे वेड कशाला घ्यावे, गावात राहून शेती सुधारावी. हे सांगणाऱ्यांची स्वतःची मुले कुठे आहेत ते एकदा विचारा. बाहेर शिकल्याने माती सुटतेच असेही नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, क्रांतिकारक म्हणून इंग्रजांच्या काळ्या यादीत गेले आणि पुढे मेक्सिकोत मका-गव्हाच्या वाणांवर काम करून नावाजले. मायदेशी यायला त्यांना देश स्वतंत्र होईपर्यंत थांबावे लागले. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. महाराजांनी त्यांना तारण मागितले नव्हते. माणूस पाहिला होता.

आज सयाजीरावांच्या आणि राजर्षी शाहूंच्या नावाने राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. चांगली गोष्ट. व्हिसासाठी सरकारी शिष्यवृत्तीच्या पत्रासारखा दुसरा पुरावा नाही. पण निवडीची यादी विद्यापीठाची मुदत उलटून गेल्यावर लागते, अशा तक्रारी वर्षामागून वर्ष वर्तमानपत्रांत येतात. पेरणी उलटल्यावर मिळालेले बियाणे आणि प्रवेश उलटल्यावर मिळालेली शिष्यवृत्ती सारखीच.

या वाट पाहण्याची सगळ्यात मोठी किंमत मुली मोजतात, हेही बोलले पाहिजे. मुलाचा निकाल लांबला तर लोक म्हणतात, बघू पुढच्या वर्षी. मुलीचा लांबला की दुसऱ्या आठवड्यात स्थळे येऊ लागतात. पारावर बसलेला प्रत्येक जण तिच्या बापाला विचारतो, काय झाले व्हिसाचे? तो बिचारा काय सांगणार? मायबहिणींनो, अशा घरी गेलात तर हा प्रश्न विचारू नका. पोरीला एक वर्ष द्या म्हणून बापाला सांगा. विद्यापीठे बहुधा प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलून देतात. मोडलेले शिक्षण तेवढ्या सहज परत जुळत नाही.

ज्यांच्या घरी हा प्रसंग आहे त्यांना चार गोष्टी सांगतो. पहिली, व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर बसेपर्यंत जमिनीचा तुकडा विकू नका आणि सावकाराचा कागद करू नका. दुसरी, २८ दिवसांसाठी खात्यात पैसे दाखवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खोटा कागद सापडला तर इंग्लंडसारखा देश दहा वर्षे दार बंद करतो. तिसरी, विद्यापीठाला आगाऊ पैसे भरण्याआधी, व्हिसा नाकारला तर किती परत मिळणार हे लेखी घ्या. चौथी, नकार आला तर जे कारण कळवले असेल ते नीट वाचा. पुष्कळदा कागद कमी पडलेला असतो आणि पुन्हा अर्ज करता येतो. नकार म्हणजे पोर नालायक ठरले असे नव्हे.

परदेशी सरकारच्या मनात काय आहे ते आपल्या हाती नाही. आपल्या सरकारचे कामकाज मात्र आपल्या हाती आहे. म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचे ठराव घ्यावेत असे आम्हाला वाटते.

एक, तारणाशिवायच्या शैक्षणिक कर्जाची साडेसात लाखांची मर्यादा, ज्यांच्याकडे शेतजमिनीशिवाय दुसरी मालमत्ता नाही अशा घरांसाठी वाढवावी. आम्ही जमीन गहाण घ्या म्हणत नाही. पोराचा प्रवेश आणि त्याची उद्याची कमाई हेच तारण माना म्हणतो.

दोन, परदेश शिष्यवृत्तीची अंतिम यादी एप्रिल संपायच्या आत लागावी आणि पत्र त्याच आठवड्यात हातात पडावे.

तीन, शेतीच्या उत्पन्नाचा असा दाखला तयार करावा की ज्यात पीक, क्षेत्र आणि बाजार समितीतली विक्री लिहिलेली असेल आणि तो प्रत्येक बँकेने मानावा.

पाऊस आपल्या मागणीने पडत नाही. हे तिन्ही ठराव मात्र मागितल्याशिवाय मिळणार नाहीत. बैठकीला येताना ज्यांची मुले वाट पाहत बसली आहेत त्यांनाही सोबत आणा.