एकवीस हजारांचा दाखला

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी गेल्या वर्षी पासष्ट वर्षांच्या झाल्या. आणि सरकारच्या लेखी त्या दिवशी त्या एकदम श्रीमंत झाल्या!

कशा, ते सांगते. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजना आली, तेव्हा मावशींना महिना १५०० रुपये सुरू झाले. अट होती, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. केशरी किंवा पिवळं रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. मुलगा दुसऱ्याची रिक्षा चालवतो, त्या दोन घरची कामं करतात. आरामात बसल्या. पण या योजनेला वयाची वरची मर्यादा पासष्टची. वय उलटलं, पैसे बंद. मी म्हटलं, काळजी करू नका मावशी, पासष्टनंतर तुमच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे. तीही १५०० रुपयांचीच आहे.

अर्ज आणला, चष्मा लावून वाचायला बसले आणि उत्पन्नाच्या अटीपाशी अडखळले. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत!

मी मराठी-इतिहासाची शिक्षिका, पण बदली तासाला गणितही शिकवलं आहे. एकवीस हजार भागिले बारा, म्हणजे महिन्याला १७५०. घरात चार माणसं धरली तर माणशी रोजचे साडेचौदा रुपयेही पडत नाहीत. आमच्या कोपऱ्यावर एवढ्यात एक वडापाव मिळत नाही. आणखी एक उदाहरण घ्या. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरातल्या एकाच माणसाने सरकारच्याच त्या कामावर वर्षातले ७१ दिवस माती उपसली की २१,०८७ रुपये होतात, आणि घरातली म्हातारी अपात्र ठरते. हमी तेव्हा शंभर दिवसांची होती, म्हणजे ती पुरती वापरलीच नाही तर पेन्शन!

बाकीच्या योजना पाहा. २०२४ मध्येच ज्येष्ठांसाठी आणखी दोन योजना निघाल्या. वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कानाचं यंत्र यासाठी एकदाच ३००० रुपये. तिथे उत्पन्नाची मर्यादा दोन लाख. तीर्थदर्शन योजनेत माणशी ३०,००० रुपयांपर्यंत खर्च, तिथे अडीच लाख. म्हणजे काठी घ्यायची असेल तर मावशी गरीब. काशीला जायचं असेल तरीही गरीब. फक्त दर महिन्याला तांदूळ आणि रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर मात्र त्या सधन! तीर्थयात्रेच्या एका तिकिटात वीस महिन्यांची पेन्शन बसते, हेही जाता जाता सांगते. मी यात्रेच्या विरुद्ध नाही, मला स्वतःला पंढरपूरची ओढ आहे. पण ज्या श्रावणबाळाचं नाव योजनेला दिलंय, तो कावड खाली ठेवून आईबापांच्या तहानेसाठी पाणी आणायला गेला होता ना?

कोणी म्हणेल, मुलांनी सांभाळावं. त्यासाठी २००७ चा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांपुढे मुलाविरुद्ध अर्ज करता येतो. पण मावशींचा मुलगा नालायक नाही हो, गरीब आहे. त्याला कुठल्या न्यायाधिकरणापुढे उभं करायचं?

मला सगळ्यात जास्त टोचलं ते पुढेच. दाखल्यासाठी मावशींबरोबर गेले, तर तिथल्या एका माणसाने सहज सुचवलं, "बाई, वीस हजाराचा दाखला काढून घ्या ना, सगळे तसंच करतात." वाईट हेतूने नव्हे, कळवळ्यानेच म्हणाला. सगळे तसंच करत असतील, तर ही अट गरीब कोण ते शोधत नाही, खोटं लिहायला कोण तयार आहे ते शोधते. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. तीस-बत्तीस वर्षं मी मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवलं. "लिहा" म्हणायला जीभ उचलेना. आणि "लिहू नका" म्हणायचा मला अधिकार तरी काय? मला दरमहा निवृत्तिवेतन मिळतं. माझ्या मुलाचा पगार किती, हे मला कोणी विचारत नाही. महागाई भत्ता वाढतो तेव्हा माझं वाढतं. श्रावणबाळचे २०१९ मध्ये १००० झाले, मग थेट २०२३ मध्ये १५००. त्यात दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी केंद्राचा वाटा, ऐंशी वर्षांपर्यंत, अवघा २०० रुपये.

पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जाईल. प्रश्न रास्त आहे. २०११ च्या जनगणनेतच राज्यात साठीपुढचे एक कोटीहून जास्त होते, आता अर्थातच वाढले असतील. पण हा प्रश्न अडीच लाखांची मर्यादा घालताना कोणाला पडला नव्हता. चौसष्टाव्या वर्षी जिला द्यायला पैसा होता, तिलाच सहासष्टाव्या वर्षी द्यायला का नसावा? आणि साधेपणाने काम करता येतं, हे सरकारनेच दाखवलं आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. वयाचा पुरावा दाखवा, बसा. दाखला नाही, समिती नाही, कोणाची मेहेरबानी नाही. माझ्या थोरल्या बहिणीने त्या गाडीने अर्धा महाराष्ट्र पालथा घातला.

तेव्हा माझं मागणं मोठं नाही. श्रावणबाळची मर्यादा लाडक्या बहिणीइतकी करा आणि केशरी कार्ड इथेही चालू द्या. बाई पासष्टची झाली की नाव आपोआप एका यादीतून दुसरीत जावं. आधार, बँकखातं, सगळं सरकारजवळ आहेच. तोपर्यंत मावशींचा अर्ज माझ्या टेबलावर पेपरवेटखाली आहे. बाकी सगळे रकाने मी भरलेत, उत्पन्नाचा तेवढा राहिलाय.