ताट कुणाचे, साखर कुणाची?

आरंभीच एक कबुली दिलेली बरी. मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी शास्त्राची पुस्तके रद्दीत घातली आणि मोकळा श्वास घेतला. त्यामुळे यंदा वार्षिकासाठी मी मधुमेहावर लिहिते आहे हे कळताच वर्गातल्या मंडळींनी "का गं, मेडिकलला नाव घातलंस की काय?" असे विचारून घेतलेच. संपादक मंडळातल्या सरांनीही भुवया किंचित उंचावल्या. त्या सर्वांना माझे उत्तर एकच आहे. हा विषय मी शोधायला गेले नव्हते, तो आमच्या घरात चालत आला, आणि तोही नेमका डोहाळजेवणाच्या दिवशी!

आमचे घर कर्वेनगरात. ताईला सातवा महिना लागला म्हणून आईने तिला माहेरी आणले होते. झोपाळा सजला होता, फुलांच्या वाड्या झाल्या होत्या, ओट्यावर लाडवांचे दोन डबे तयार होते. आणि सकाळी अकराच्या सुमारास रक्ततपासणीचा कागद आला: ताईच्या रक्तात साखर वाढली आहे. गर्भारपणातला मधुमेह.

घरात क्षणभर कोणी बोलेना. मग आजी म्हणाली, "एवढी काडीसारखी पोर, हिला कुठली आलीय साखर?" ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे तर कुणालाच नाही हो, विहीणबाई." वाक्य साधेच होते, पण त्याचे टोक कुणाकडे आहे ते आईला बरोबर कळले. आई म्हणाली, "आमच्याकडे ह्यांना आहे." 'हे' म्हणजे माझे बाबा. तेही किडकिडीत, आयुष्यभर सायकल चालवलेले, आणि अडतिसाव्या वर्षापासून गोळ्या घेणारे. लाडवांचे डबे मुकाट्याने फडताळात गेले. ताई झोपाळ्यावर बसली ती गुन्हेगारासारखी.

दुसऱ्या दिवशी ताईबरोबर मी रुग्णालयात गेले. कोणते, ते सांगण्याचे कारण नाही. डॉक्टरीणबाई सज्जन होत्या, पण बाहेर रांग लांब होती. चार मिनिटांत तपासणी आटोपली आणि हातात एक छापील कागद पडला. दोन्ही बाजूंनी इंग्रजी! त्यात कोणकोणत्या परदेशी भाज्या खाव्यात ते होते. भाकरीचे नाव नव्हते, ताकाचे नव्हते, शेंगदाण्याच्या कुटाचे नव्हते. शेजारच्या बाकावर बसलेल्या एका बाईंनी तोच कागद माझ्यापुढे धरून विचारले, "ताई, यात काय लिवलंय जरा सांगता का?" मी इंग्रजी वाङ्मयाची विद्यार्थिनी; पण त्या कागदाचा चार ओळी मराठी करताना मला घाम फुटला. त्या दिवसापासून मी या विषयाचे मिळेल ते वाचू लागले. आणि वाचता वाचता लक्षात आले, की आजीच्या त्या प्रश्नाचे, म्हणजे काडीसारख्या पोरीला साखर कशी या प्रश्नाचे, उत्तर शोधण्याचे काम आमच्याच पुण्यात गेली तीसहून अधिक वर्षे चालू आहे!

हकिकत अशी. इंग्लंडमध्ये हार्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक नवजात बालकाचे वजन वहीत टिपून ठेवीत. अनेक दशकांनी साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या उघडल्या आणि त्या बाळांचे पुढे काय झाले याचा माग काढला. जन्मतः जी हलकी होती, त्यांच्यात प्रौढपणी हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण अधिक दिसले. १९८९ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांना ते पटले नाही. चाळिशी-पन्नाशीचा रोग पाळण्याच्याही आधी सुरू होतो, हे पटावे तरी कसे?

पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा प्रश्न आपल्याकडच्या मातीत आणला. १९९३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत पाहणी सुरू केली. दोन हजारांहून अधिक स्त्रियांची नोंद दिवस जाण्याच्या आधीपासूनच ठेवली गेली. या स्त्रियांचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास आणि उंची जेमतेम पाच फूट. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. येथवर नवल काही नाही. बारीक आईचे बाळ बारीक, हे सांगायला संशोधक कशाला हवा? नवल पुढे आहे. बाळाच्या अंगाची मोजमापे घेतली तेव्हा असे आढळले, की पुण्याच्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे वरून किरकोळ, आतून मेदाळ. ज्या स्नायूंनी साखर वापरायची तेच कमी, आणि इन्सुलिनच्या कामात जी आडवी येते ती चरबी तेवढी शाबूत. असे शरीर घेऊन मूल जन्माला येते. पुढे त्याला शहर, खुर्ची आणि पोटभर गोडधोड मिळाले की काय होणार ते उघडच आहे.

याच गोष्टीचे एक गमतीदार प्रात्यक्षिक २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. शेजारी शेजारी दोन छायाचित्रे: एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे, दुसरे आपल्या डॉ. याज्ञिकांचे. उंची व वजन यांच्या प्रमाणाचा आकडा दोघांचा सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! शास्त्रज्ञाने स्वतःच्या अंगावरची चरबी जगापुढे मांडावी, हा मनमोकळेपणा मला भारी आवडला. आजीला ती छायाचित्रे दाखवली. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबासारखंच की."

आता त्यातले रसायन. माझ्या वाचकांपैकी बहुतेक जण माझ्याच पंथाचे, तेव्हा थोडक्यात सांगते. ब-१२ नावाचे एक जीवनसत्त्व आहे. त्याच्या पोटात कोबाल्ट धातूचा एक अणू बसलेला असतो. त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन या विदुषींनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. त्यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे जीवनसत्त्व ना झाड तयार करते ना प्राणी; ते करतात फक्त सूक्ष्म जिवाणू. आपल्यापर्यंत ते पोचते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. पालेभाजी कितीही खाल्ली तरी त्यातून मिळत नाही. त्या सहा खेड्यांतल्या गर्भार स्त्रियांपैकी दोन तृतीयांश जणींच्या रक्तात हे ब-१२ कमी होते. उलट पालेभाजीतून आणि सरकारी गोळीतून मिळणारे फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जवळजवळ कुणालाच कमी नव्हते. आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ज्या आयांच्या रक्तात फोलेट जास्त पण ब-१२ कमी होते, त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. फोलिक आम्लाची गोळी बंद करा असा याचा अर्थ मुळीच नाही. ती बाळाच्या मेंदूचे व पाठीच्या कण्याचे रक्षण करते. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आम्हा तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तरी कुणी सांगायला नको. म्हणूनच २०१२ साली त्याच गावांत पुढचा प्रयोग सुरू झाला: पहिल्या पाहणीत जन्मलेली बाळे आता तरुण झाली होती, त्यांना लग्नाच्या नि संततीच्या आधीच ब-१२ देऊन पाहण्याचा.

पण मला अडवून धरले ते एका निराळ्याच निबंधाने. तो याच पाहणीतला, आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांचा, २००१ सालचा. (ही संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची आणि ती ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता सुधारक गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा. पुण्यात निम्म्या लोकांना हा फरक ठाऊक नाही. परवापर्यंत मलाही नव्हता.) त्या निबंधात म्हटले आहे, की गर्भारपणी आईने एकंदर किती उष्मांक वा प्रथिने घेतली याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही, पण दूध, पालेभाज्या आणि फळे जिने अधिक वेळा खाल्ली, तिचे बाळ मोठे. दोनच वर्षांनी त्यांनी असेही दाखवले, की शेतात नि घरात जिला अधिक कष्ट पडले तिचे बाळ हलके.

दूध, भाजी, फळ. किती सोपे! पण आमच्या घरी दूध कसे वाटले जाई ते मी आजीला विचारले. ती म्हणाली, "आधी पुरुषमाणसांना. मग पोरांना. मग चहाला. उरलं तर विरजणाला. दही पंगतीला, आणि ताक आम्हा बायकांना. तेही पाणी घालून." आजीचे सासर सातारकडचे, गोठ्यात दोन म्हशी. म्हणजे घरात दूध नव्हते असे नाही. ते तिच्या ताटापर्यंत पोचत नव्हते. त्यातून सोमवार, चतुर्थी, एकादशी यांचे उपास. आणि उपासाला साबुदाणा, म्हणजे निव्वळ पिष्ट. ताई आज बँकेत नोकरी करते, पण चतुर्थी तिनेही सोडलेली नाही, आणि घरात सर्वांत शेवटी जेवायला बसण्याची सवयही नाही.

मला सांगा, हा जीवरसायनाचा प्रश्न आहे काय? रक्तातले ब-१२ मोजणारे यंत्र प्रयोगशाळेत आहे. पण म्हशीच्या सडापासून सुनेच्या वाटीपर्यंत दुधाला जी वाट चालावी लागते, ती मोजण्याचे काम समाजशास्त्राचे, इतिहासाचे, आणि हो, साहित्याचेही. जात्यावरच्या ओव्यांपासून आत्मचरित्रांपर्यंत आपल्याकडे बायकांच्या भुकेची साक्ष विखुरली आहे. ती आम्ही 'स्त्रीजीवनाचे चित्रण' या मथळ्याखाली आठ गुणांसाठी लिहितो आणि विसरतो.

आणि आपल्या परिसराला तर या दोन विद्यांच्या सोयरिकीचे वावडे नसावे. १९०० साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवांचा आश्रम हिंगण्याच्या माळावर आणला; त्या हिंगण्याचेच पुढे कर्वेनगर झाले. त्यांचे एक चिरंजीव दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई मानवशास्त्राच्या. इरावतीबाईंनी महाराष्ट्रातल्या माणसांची अंगे मोजली. १९५१ साली वि. म. दांडेकरांसमवेत त्यांनी ती मोजमापे प्रसिद्ध केली. नात्यागोत्याचा अभ्यास करणारी बाई हातात मोजपट्टी घेऊन गावोगाव हिंडली. आम्ही मात्र शास्त्र शाखेच्या इमारतीकडे जाणारा जिना कुठे आहे हेही विचारून घेतो!

आता माझी खरी तक्रार. हे संशोधन शहरातल्या बैठकीच्या खोल्यांत येते तेव्हा त्याचे रूप पालटते. 'मधुमेह आईच्या पोटात सुरू होतो' याचे 'मधुमेह आईमुळे होतो' असे व्हायला पाच मिनिटे लागत नाहीत. आमच्याच घरी मी उत्साहाने हे सारे सांगितले, तर ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, हिचं खाण्याकडे लक्षच नसतं." मी कपाळाला हात लावला! अहो, ज्या बीजापासून ताई झाली ते बीज आई आजीच्या पोटात असतानाच तयार झालेले होते. मुलीची सारी बीजे तिच्या जन्माआधीच घडतात हे शास्त्र सांगते. म्हणजे आजीच्या त्या पाणी घातलेल्या ताकाचा हिशेब कुणाच्या नावावर लिहायचा? बाबांच्या साखरेचा कुणाच्या? आजीने स्वतःहून तर ताकात पाणी ओतून घेतले नव्हते.

हे शास्त्रज्ञांना कळत नाही असे मी म्हणत नाही. पण त्यांचे निबंध इंग्रजीत निघतात, साउदॅम्प्टनला वाचले जातात, आणि ज्या सहा गावांतल्या बायकांनी दंडातून रक्त काढू दिले त्यांच्या भाषेत आपल्यापर्यंत पोचते ते 'मातांनी सकस आहार घ्यावा' एवढे भिंतीवरचे वाक्य. 'मातांनी घ्यावा'! घरात आहे, पण तिला मिळत नाही, हे त्या वाक्यात मावतच नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेली आहे. एवढ्या मोठ्या संकटाविषयी आपल्या भाषेत नेमके बोलता येऊ नये, ही आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांची नामुष्की नाही काय? गोळ्या द्याव्यात, जरूर द्याव्यात. मी गोळीविरुद्ध नाही. पण गोळी गिळणारी बाई पंगतीत कितव्या क्रमांकाला बसते, हे विचारणारे कुणी तरी हवे.

म्हणून यंदाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी मी एक साधी गोष्ट सुचवली आहे. गर्भारपणातल्या साखरेविषयी एक पानी मराठी पत्रक तयार करायचे: भाकरी, ताक, कूट, अंडे, पालेभाजी या शब्दांत, आणि एका डॉक्टरांकडून तपासून घेऊन वारजे, हिंगणे, कर्वेनगर येथल्या वस्त्यांतून वाटायचे. शिवाय प्रत्येक घरी दोनच प्रश्न विचारायचे: दूध किती येते, आणि कोण कोण पिते? सरांनी होकार दिला आहे. शास्त्र शाखेतल्या दोघी मैत्रिणीही येणार आहेत. त्यांचा जिना अखेर सापडला.

ताईची साखर आता आटोक्यात आहे. पत्रकाचा मसुदा मी प्रथम तिलाच वाचायला दिला. तिने पेन्सिल घेतली आणि 'मातेने' हा शब्द जिथे जिथे होता तिथे तो खोडून 'घराने' असे लिहिले. दोन ठिकाणी त्यामुळे वाक्य वाकडे झाले आहे. ते तेवढे नीट करायचे राहिले आहे.