बॉनेटला चादर, टर्बोला घाम

हल्ली नवीन गाडी बुक केली की शोरूमवाला ॲक्सेसरीजची यादी पुढे सरकवतो. मॅट, सीट कव्हर, मड फ्लॅप हे पूर्वीपासून होतंच. आता त्यात एक नवीन ओळ आलीये - 'साऊंड डॅम्पिंग पॅकेज'. चार दारं, डिकी आणि बॉनेट. वर तोंडी ग्वाही: "सर, केबिन एकदम लक्झरी गाडीसारखी शांत होईल. आणि इंजिनाची हीटपण आत येणार नाही."

दारं आणि डिकीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, खुशाल करा. माझं भांडण आहे ते त्या शेवटच्या शब्दाशी, आणि तेही गाडी टर्बो-पेट्रोल असेल तर. माझं स्पष्ट मत आहे की बॉनेटखाली बाहेरून आणून चिकटवलेली चादर हा उत्तम पक्षी पैशाचा चुराडा आणि वाईट पक्षी धोका आहे. इंजिनियरिंगला पहिल्या वर्षाला शिकलेलं फिजिक्स अजून आठवत असेल तर हे पटायला पाच मिनिटं पुरतात.

आधी आवाज घेऊ. आजकालच्या बहुतेक लहान टर्बो-पेट्रोल गाड्यांमध्ये तीन सिलिंडर असतात. फोर-स्ट्रोक इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत तीन स्फोट, एका फेरीत दीड. इंजिन २००० आरपीएमवर असेल तर सेकंदाला ३३ फेऱ्या, म्हणजे साधारण ५० स्फोट. तुम्हाला केबिनमध्ये जी घरघर जाणवते ती ही, ५० हर्ट्झची. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर या घरघरीची तरंगलांबी येते जवळपास सात मीटर. फोमसारखा पदार्थ आवाज नीट शोषायचा तर त्याची जाडी तरंगलांबीच्या पाव भागाच्या आसपास लागते. म्हणजे पावणेदोन मीटर! आणि दुकानदार आपल्याला चिकटवून देतो १० मिलीमीटर. :)

मग ती चादर काहीच करत नाही का? करते. इंजेक्टरची टिकटिक, टर्बोची बारीक शिट्टी, असले काही हजार हर्ट्झचे आवाज ती थोडे खाते. म्हणून बाहेर उभं राहून बॉनेट उघडझाक केली की फरक जाणवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण गाडी चालवताना आपण बाहेर उभे नसतो ना! घरघर आत येते ती इंजिन माउंटमधून, बॉडीच्या पत्र्यातून आणि फायरवॉलमधून. बॉनेटच्या वाटेने येणारा हिस्सा त्यामानाने किरकोळ.

दुसरा प्रकार ब्यूटाइल शीटचा. ती वजनदार, चिकट असते आणि तिचं काम पत्र्याची थरथर मारणं. दाराच्या पत्र्यावर ती झकास काम करते, कारण दार खरंच डब्यासारखं वाजतं. पण ब्यूटाइल हे उष्णतेचं कवच नव्हे. स्वस्तातल्या शीटमध्ये तर ब्यूटाइलच्या नावाखाली सरळ डांबर असतं. डांबर उन्हात काय करतं हे मे महिन्यात रस्त्यावर चप्पल चिकटलेल्या कुठल्याही माणसाला विचारा.

आता उष्णता. पेट्रोल इंजिनात टर्बोच्या टर्बाइनवर येणारा वायू पूर्ण लोडला ९५० अंश सेल्सिअसपर्यंत, काही इंजिनांत त्याच्याही वर जातो. (डिझेलचा त्यापेक्षा बराच थंड असतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं टर्बो-डिझेल गाड्या चालल्या, त्यांना काही झालं नाही हा युक्तिवाद म्हणूनच इथे लागू पडत नाही.) उत्सर्जित होणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घातात वाढते. पृष्ठभाग ४०० अंशांवरून ८०० अंशांवर गेला तर ती दुप्पट नाही, सुमारे साडेसहा पट होते. म्हणूनच कंपनी टर्बोवर धातूचं कवच बसवते. मध्ये हवेची फट, बाहेर चकचकीत पत्रा. ते शोभेसाठी नाही, आणि 'खडखडतंय' म्हणून गॅरेजवाल्याने काढून ठेवण्यासाठी तर अजिबात नाही.

गंमत अशी की सगळ्यात वाईट वेळ गाडी पळताना नसते, थांबल्यावर असते. पळताना ग्रिलमधून हवा आत येते, रेडिएटरमधून जाते आणि खालून निघून जाते. तुम्ही बोरघाट दाबून चढलात आणि लोणावळ्याला चिक्कीसाठी इंजिन खाडकन बंद केलंत की हवा थांबते, ऑइल पंप थांबतो, पण टर्बोचं लोखंड तापलेलंच असतं. पुढची काही मिनिटं बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं. बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो तो याच वेळी. म्हणून कित्येक गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फॅन किंवा कूलंटचा छोटा पंप चालू राहतो. "बॅटरी उतरेल, बंद करून द्या" म्हणून भांडणारे महाभाग मी पाहिलेत.

अशा जागी चादर चिकटवायची म्हणजे काय? उष्णता वर उठते, बॉनेटच्या पत्र्यातून थोडी बाहेर पडते. तो पत्रा तुम्ही झाकलात. शिवाय गोंद. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राच्या गाडीत एका उन्हाळ्यात गोंद सुटला आणि चादरीचा कोपरा लोंबायला लागला. त्याला कळलं ते एसीतून जळका वास यायला लागल्यावर. दुकानदाराचं उत्तर: "सर, मटेरियल फायरप्रूफ आहे, टेस्ट पास आहे."

ही टेस्ट काय असते ते पण ऐका. ज्या अमेरिकन मानकाचा हवाला अशा पाकिटांवर सापडतो, ते एफएमव्हीएसएस ३०२ हे गाडीच्या आतल्या भागासाठी आहे. सीट, छत, कार्पेट यांच्यासाठी. त्याची अट अशी की आडव्या धरलेल्या नमुन्यावर आग मिनिटाला १०२ मिलीमीटरपेक्षा वेगाने पसरू नये. म्हणजे पास झालेलं मटेरियल जळत नाही असं नाही, बेताने जळतं! आणि टर्बोच्या डोक्यावर लटकण्याची तर ही परीक्षाच नाही.

याच्या उलट टोकाचे शूरवीर म्हणजे 'हीट बाहेर काढणारे'. बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर काढायचं, बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेट उचलायचं. दिसतं रेसिंगवाल्यांसारखं. पण काचेच्या पायथ्याशी धावत्या गाडीत हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे गरम हवा तिथून बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवाच आत घुसू शकते. एसीची हवा आत घेणारी जाळीही तिथेच. म्हणजे सिग्नलला उभे असताना इंजिनाचा वास थेट तुमच्या नाकात.

आणि मग आवाज वाढवणारे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उडवून मोकळा पाईप टाकणारे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सोसायटीतल्या म्हाताऱ्यांचे शिव्याशाप वेगळे.

"पण कंपनीच स्वस्तातल्या व्हेरियंटमध्ये बॉनेट लायनर देत नाही, मग आम्ही काय करायचं?" हा प्रश्न मात्र शंभर टक्के रास्त आहे. क्लिपांनी बसणारा, त्या बॉनेटसाठीच बनवलेला लायनर वगळून पैसे वाचवायचे आणि ब्रोशरवर सनरूफचा फोटो छापायचा, हा कंपन्यांचा निर्लज्जपणा आहे. पण त्याला आपणही जबाबदार. शोरूममध्ये आपण स्क्रीन किती इंचाची ते विचारतो, बॉनेट उघडून कोण बघतं?

तर करायचं काय? वरच्या व्हेरियंटचा ओरिजिनल लायनर पार्ट नंबर सांगून मागवा, क्लिपांसकट. पैसे घालायचेच तर दारं, व्हील आर्च आणि फायरवॉलची केबिनकडची बाजू यांत घाला. घरघर अचानक वाढली तर इंजिन माउंट तपासून घ्या. घाट चढल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सौम्य चालवा, टर्बो आपोआप निवतो. सर्व्हिसिंगनंतर बॉनेट उघडून बघा, एखादं तेलकट फडकं विसरलेलं असू शकतं. आणि उंदरांसाठी टांगलेली ती तंबाखूची पुडी कृपा करून काढा!

आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. प्रोग्राम एरर देतोय? एरर गिळून टाका, लॉग बंद करा, स्क्रीन शांत. क्लायंट खूश, आणि तीन महिन्यांनी रात्री दोनला फोन. इंजिनाचा आवाज हा गाडीचा लॉग आहे. त्यावर चादर टाकण्याआधी तो काय सांगतोय ते एकदा वाचा. कारण गाडीच्या बाबतीत तो रात्री दोनचा फोन हायवेवरून येतो, आणि मागच्या सीटवर आपलीच माणसं असतात.