मराठी संदेशावरील तिप्पट पट्टी

भ्रमणध्वनीवरील एका लघुसंदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात. देवनागरीची अवघी ७०, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र अक्षरे म्हणून मोजली जातात. संदेश लांबला की प्रत्येक तुकड्याची मर्यादा अनुक्रमे १५३ आणि ६७ वर येते. म्हणजे बोंडअळीविषयीची दीडशे अक्षरांची सूचना इंग्रजीत एक संदेश ठरते, मराठीत तीन. लाखभर शेतकऱ्यांना ती धाडायची तर गेटवेच्या रांगेत तीन लाख तुकडे उभे राहतात. सेकंदाला किती तुकडे सोडायचे हे कंत्राटाने बांधलेले, बिलही तुकड्यांवरच. मग मराठी रोमन लिपीत लिहिण्याचा तोडगा ‘व्यवहार्य’ म्हणून पुढे येतो!

८ मार्च २०२१ रोजी संदेश गाळण्याची नवी व्यवस्था लागू होताच बँकांचे ओटीपी अडकले, तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने दुसऱ्याच दिवशी ती सात दिवसांसाठी स्थगित केली. बँकांसाठी एवढी तत्परता दाखविता येते, तर लोकभाषेसाठी का नाही? सार्वजनिक सूचनांची आकारणी तुकड्यांवर न होता संदेशावर व्हावी आणि रांगेत जाहिरातींच्या आधी त्यांना वाट मिळावी, ही मागणी तालुका शाखांनी ग्रामसभांच्या ठरावांतून रेटली पाहिजे.